बाळाचें पोट

वाङ्मयांत बाळाच्या हास्याला, त्याच्या बोबड्या बोलांना आणि पायांतील वाळ्यांना जें मानाचें स्थान मिळालें आहे, त्याचा शतांशही त्याच्या पोटाच्या वांट्याला आलेला नाहीं. आणि घरांत पाहावें तों सारा प्रकार उलटा! ज्या घरांत दोन महिन्यांचें मूल आहे, त्या घरांत सकाळीं उठून "बाळ हसलें का?" असें कोणी विचारीत नाहीं; "बाळाला शी झाली का?" असेंच विचारतात. विषय शिष्टसंमत नाहीं हें आम्ही जाणतों. पण जी गोष्ट वडील माणसांच्या तोंडून दिवसांतून दहा वेळां निघते, ती मासिकाच्या पानावर एकदां आली तर वाचकांनीं नाक मुरडूं नये, एवढीच विनंति आहे.

"जालना, सोने का पालना" ही म्हण आमच्या जिल्ह्यांत प्रत्येकाच्या कानांवरून गेलेली असते. म्हण व्यापाराच्या भरभराटीची आहे, बाळांची नव्हे. १९८१ सालीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या कितीतरी आधींपासूनची. परंतु पाळणा सोन्याचा असो कीं जुन्या लुगड्याच्या झोळीचा असो, त्यांत निजणाऱ्या जीवाचें पोट एकाच जातीचें असतें, आणि त्याची चिंताही एकाच जातीची.

गेल्या वर्षीं आमची धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं अंबडला माहेरीं आली, आणि फाल्गुनाच्या अखेरीस आम्हांस नात झाली. पहिला महिनाभर तिनें दुपटीं वाळवायला दोरी पुरूं दिली नाहीं. प्रत्येक पाजण्यामागून एक दुपटें, असा हिशेब होता. सातव्या आठवड्यांत, ऐन वैशाखाच्या उन्हांत, हा व्यवहार एकाएकीं थांबला. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशीं घरांतील बायका एकमेकींकडे पाहूं लागल्या. चौथ्या दिवशीं शेजारणींनीं ओसरीवर मंडळ भरविलें. मुलगी हसत होती, अंगावर पोटभर पीत होती, लघवीनें दुपटीं भिजवीत होती. पण तिची साक्ष काढावी असें कोणालाच वाटलें नाहीं.

त्या मंडळांत जे उपाय निघाले ते टिपून ठेवले असते तर एक लहानसा निघंटु तयार झाला असता. प्रथम अर्थातच गुटी. सहाणेवर हिरडा, बेहडा, मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, अतिविष, खारीक, बदाम ह्यांचे मोजून दिलेले वेढे, आणि तें सारें आईच्या दुधांत कालवून बोंडल्यानें बाळाच्या घशांत: ह्या विधीवर आम्हीही वाढलों. हिरडा सारक, जायफळ स्तंभक. कोणाचा वेढा वाढवावा आणि कोणाचा कमी करावा, हें आजी बाळाच्या तोंडाकडे पाहून ठरवी. ह्या विद्येचा उपहास करणें आम्हांस रुचत नाहीं. तरी दोन गोष्टी नजरेआड करतां येत नाहींत. सहाण कितीही धुतली तरी ती निर्जंतुक होत नाहीं. आणि हिरड्याचा एक वेढा म्हणजे नेमकें किती औषध, हें सहाणेला ठाऊक नसतें.

दुसरी सूचना एरंडेलाची. तिसरी विड्याच्या पानाचा देठ तेलांत बुडवून मागच्या वाटेनें घालण्याची. त्या कोंवळ्या जागेला ह्यानें इजा होऊं शकते, हें सांगावयाला वैद्यकशास्त्र कशाला हवें? चौथी सूचना मोसंबीच्या रसाची होती, आणि आमच्या मुलखांत ती न निघती तरच नवल. येथें मोसंबी तापापासून रुसव्यापर्यंत सर्व विकारांवर चालते. एका बाईंनीं ग्राइप वॉटरची बाटली आणून ठेवली. इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें विल्यम वुडवर्ड ह्या औषधविक्यानें १८५१ सालीं तें काढलें; त्याच्या जुन्या कृतींत मद्यार्क असे. बाळें शांत होत, ह्यांत नवल तें काय!

निदान पाण्याचा एक चमचा तरी द्या, असें एका वृद्ध बाईंचें म्हणणें पडलें. एवढें ऊन, लेकराचा घसा सुकला असेल. युक्तिवाद मायेचा, म्हणून बिनतोड वाटतो. परंतु आईच्या दुधांत शंभर भागांपैकीं सुमारें सत्त्याऐंशी भाग पाणीच असतें, आणि तें वैशाखांतल्या बाळालाही पुरतें. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून दुसरें कांहींएक, पाणीसुद्धां, देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटना २००१ सालापासून सांगत आली आहे. पाण्याची खरी गरज आईला असते. २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या जिल्ह्यांत किती बाळंतिणींना तहान लागेल तेव्हां पाणी मिळालें असेल, ह्याची चौकशी मात्र कोणत्याही मंडळांत झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

येथवर सारें हंसण्यावारी नेतां येईल. मधाची गोष्ट तशी नाहीं. "बोटभर मध चाटवा, कोठा मोकळा होईल," असें एक बाई अगदीं सहज म्हणाल्या, आणि मधाची बाटली फडताळांतून खालीं आलीही. मधांत कधीं कधीं एका जंतूचीं बीजें असतात. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत तीं रुजत नाहींत. वर्षाच्या आंतील बाळाच्या आंतड्यांत रुजूं शकतात आणि तेथें विष निर्माण करतात. हा रोग अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत १९७६ सालीं प्रथम ओळखला गेला. रोग विरळा आहे. पण त्याचें पहिलें लक्षण पुष्कळदां कोणतें, तर बद्धकोष्ठ! पुढें रडणें क्षीण होतें, चोखण्याचें बळ जातें, मान लुळी पडते, आणि क्वचित् श्वासही अडखळतो. ज्या दुखण्यासाठीं मध चाटवायचा, त्याच दुखण्यानें सुरू होणारा रोग मधांतून यावा, ही विपरीत गोष्ट त्या ओसरीवर कोणालाच माहीत नव्हती. बाटली आम्हीं परत फडताळांत ठेवली. त्या बाई दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत.

पांचव्या दिवशीं आम्ही मुलीला डॉक्टरांकडे घेऊन गेलों. त्यांनीं पोट हातानें चांचपलें, वजन पाहिलें, आणि प्रश्न विचारले. शेवटची शी कडक, खड्यांसारखी होती कीं मऊ? दिवसांतून सहा वेळां तरी लघवी होते ना? उलटी होते का, आणि हिरवी होते का? जन्मानंतरची पहिली काळी, चिकट शी केव्हां झाली होती? सगळीं उत्तरें ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "कांहीं करूं नका." औषधाची चिठ्ठी न घेतां घरीं परतणें आमच्या मंडळींना फार जड गेलें. फी देऊन रिकाम्या हातानें येणें हा आपल्याकडे फसवणुकीचाच एक प्रकार समजला जातो.

कारण मात्र डॉक्टरांनीं नीट समजावून दिलें. पहिल्या दिवसांतला चीक सारक असतो. त्यामुळेंच ती काळी शी लवकर पडून जाते. पुढें महिना-दीड महिन्यानंतर आईचें दूध बाळाला इतकें पचूं लागतें कीं मागें टाकण्याजोगें फारसें कांहीं उरतच नाहीं. मग एखादें मूल दिवसांतून तीनदां शी करतें, एखादें आठवडाभर, क्वचित् त्याहूनही अधिक दिवस, करीत नाहीं. आणि दोघेंही निरोगी असतात. बद्धकोष्ठ दिवस मोजून ठरत नाहीं, शी कडक आहे कीं मऊ, ह्यावरून ठरतें. कोमट पाण्याची आंघोळ, पोटावरून घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें हलका हात, दोन्ही पाय सायकलप्रमाणें हलविणें: एवढें केलें तर बाळाला बरें वाटतें, आणि मुख्यतः घरच्या माणसांच्या हातांना काम मिळतें.

शी करतांना बाळ लाल होऊन कुंथतें, किंचाळतें, आणि बाहेर पडतें तें अगदीं मऊ, ह्याचेंही अनेकांस कोडें पडतें. पोटानें जोर लावायचा आणि त्याच वेळीं खालचे स्नायू सैल सोडायचे, हीं दोन कामें एकदम करण्याची कला त्याला अजून साधलेली नसते. ती शिकायला कांहीं आठवडे, कधीं महिनेही लागतात. आमच्याच जिल्ह्यांतील जांब येथें १६०८ सालीं जन्मलेल्या समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत, बालकाची आंतली व्यथा आईबापांना कळत नाहीं आणि उपाय मात्र बाहेरून चालतात, असें वर्णन केलें आहे. ब्रह्मचाऱ्यानें हें इतकें अचूक कोठें पाहिलें असेल, ह्याचें आम्हांस नेहमींच आश्चर्य वाटतें.

ह्या सर्व प्रकरणांत आम्हांस खरें दुःख झालें तें दुसऱ्याच गोष्टीचें. चौथ्या दिवशीं कोणीतरी म्हणालें, "आईचें दूधच जड असेल," आणि त्या क्षणापासून आमची मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी राहिली. तिनें काय खाल्लें, डिंकाचा लाडू एक घेतला कीं दोन, ह्याची उलटतपासणी सुरू झाली. रात्रीं ती पदर डोळ्यांना लावून आईला विचारीत होती, "वरचें दूध सुरू करूं का?" वरचें दूध सुरू केलें असतें तर शी घट्ट झाली असती, आणि जें बद्धकोष्ठ नव्हतें तें खरोखरच निर्माण झालें असतें. अशा एखाद्या रात्रीच्या बोलण्यानें किती बाळांचें आईचें दूध तुटलें असेल, ह्याची नोंद कोणत्या दप्तरांत सांपडायची?

धोक्याचीं चिन्हें आहेतच. पहिली शी दोन दिवसांतही न होणें, हिरवी उलटी, फुगून ताठलेलें पोट, शींत रक्त, ताप, न वाढणारें वजन, ह्यांपैकीं एकही दिसलें तर गुटीच्या वाटेस न जातां इस्पितळ गांठावें. कोपनहेगनचे डॉक्टर हर्शस्प्रुंग ह्यांनीं १८८६ सालीं ज्या रोगाचें वर्णन केलें, त्यांत मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत मज्जापेशीच नसतात. तो शस्त्रक्रियेनेंच बरा होतो, हिरड्यानें नव्हे. आतां खेड्यापाड्यांत आशाताई नवजात बाळाला पाहावयास घरीं येतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. त्यानंतरची त्यांची ठरलेली भेट तिसऱ्या महिन्यांत. नेमक्या ह्याच मधल्या काळांत पुष्कळ बाळें आपला जुना क्रम बदलतात, आणि आई एकटी ओसरीवरच्या मंडळाच्या तावडींत सांपडते. बेचाळिसाव्या दिवशींच ताईंनीं तिला दोन वाक्यें सांगून ठेवलीं तर कितीतरी रडणें वांचेल.

नातीनें सातव्या दिवशीं दुपारीं, सर्व मंडळी जेवायला बसलीं असतां, मौन सोडलें. तीन दुपटीं आणि तिच्या आजीचें लुगडें कामीं आलें. आजीनें हिंगाचा पातळ लेप नाभीभोंवतीं लावण्याचा परिपाठ मात्र अद्याप सोडलेला नाहीं. डॉक्टरांनीं त्याला हरकत घेतली नाहीं. आम्हीही घेत नाहीं.