अंगठ्यावरचा घट्टा

माझ्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर घट्टा आहे. आमच्या आष्टी तालुक्यात धारा काढणाऱ्या बऱ्याच हातांवर तो सापडेल. वडिलांनी शिकवलं तसा मी अंगठा मुडपून, सड त्याच्या हाडावर दाबून पिळायचो. धार जोरात पडते, चरवीत फेस चढतो, बघणाऱ्याला वाटतं गडी हाताचा पक्का.

2019 च्या दुष्काळात जनावरं घेऊन चारा छावणीत राहिलो. पाण्याच्या टाकीशेजारी जागा मिळाली म्हणून खूश होतो. खाली मात्र कायम चिखल. काही दिवसांतच एचएफ गाईच्या मागच्या एका सडातून पिवळं पाणी आणि गुठळ्या आल्या. कासेला हात लावला तर दगड. या रोगाला दगडी म्हणतात ते उगीच नाही. डॉक्टरांनी औषध सोडण्याआधी सडाचं टोक मोबाइलच्या उजेडात मला दाखवलं. भोकाभोवती पांढरं, खरखरीत कडं आणि त्याला चिरा. "घट्टा पडलाय," ते म्हणाले. मी अंगठा मुठीत घेतला.

इतकी वर्षं कास धुतली, पण टोक कधी निरखलं नव्हतं. दुधाची तिथली वाट जेमतेम सेंटिमीटरभर. आत मेणचट थर, भोवती आवळून धरणारा स्नायू. धार काढल्यावर ती नीट मिटायला अर्धा तास तरी जातो, कधी जास्तच. तेवढ्यात गाय शेणात बसली की जंतूंना वाट मोकळी. टोक चिरलेलं असेल तर कितीही पुसा, घाण राहतेच. ते सड शेवटी आटलं ते आटलंच.

मग पूर्ण मुठीनं पिळायला शिकलो. बोटं ठणकायची, वेळ दुप्पट लागायचा. पुढं धार काढायचं मशीन घेतलं आणि वाटलं, सुटलो. पण दूध संपल्यावरही कप लावून ठेवले की तेच कडं उमटतं. 2001 मध्ये परदेशातल्या अभ्यासकांनी या कड्याच्या चार पायऱ्या ठरवल्या, गुळगुळीत ते फार खरखरीत. त्या पायऱ्या मी गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहितो, प्रत्येक गाईपुढं एक आकडा. आता धार झाली की सडं आयोडिनच्या द्रावणात बुडवायची आणि लगेच गव्हाणीत चारा टाकायचा, म्हणजे गाय उभी राहते.

वडील मात्र त्यांची गावरान गाय अजून मुडपलेल्या अंगठ्यानंच पिळतात. परवा गुपचूप बॅटरी धरून बघितलं. चारही टोकं गुळगुळीत. दीड लिटर दूध देते ती, हात लागतो न लागतो तोच मोकळी. भिंतीवर तिच्यापुढं एक लिहिला. वडिलांनी विचारलं, "हे काय?" म्हटलं, "तुमचा नंबर."