विहिरीनं दिलेली गार

आमचं गाव धुळ्याकडून पारोळ्याला जाताना रस्त्यापासून दोन कोस आत आहे. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरचा हा मुलूख. माती हातभर, कुठे दोन हात. तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, आणि मग काळा कातळ. तो कुठवर जातो ते कोणी पाहिलेलं नाही. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर बसले, त्याचा हा कातळ झाला असं पुस्तकात आहे. आम्हाला त्याची ओळख पुस्तकातून झाली नाही. आम्हाला तो घणानं ओळखीचा झाला.

पहिली ओळख १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा चौदा वर्षांचा. शाळा होती, पण पोटाला नव्हतं. आईबरोबर मी आणि थोरला भाऊ खडी फोडायच्या कामावर जायचो. खडीचं माप व्हायचं आणि मापावर पैसे. दगड फोडताना कधी कधी आत पोकळी निघायची आणि पोकळीत पांढरे, गुलाबी खडे चमकायचे. मुकादम तसला दगड मापात धरायचा नाही. म्हणायचा, हा कच्चा, रस्त्यावर चुरा होतो. म्हणून बाया तो दगड बाजूला भिरकावून द्यायच्या. दादा मात्र जेवणाच्या सुटीत तो हुडकायचा आणि टोपीत घालून घरी आणायचा. आई रागवायची. भाकरीच्या वेळेला काय गारगोट्या आणतो, म्हणायची. पण दिवळीत ठेवून द्यायची तीच.

मी १९७५ साली दहावी झालो आणि शेतीत पडलो. दादा आधीपासून होताच. आमची सगळी कोरडवाहू. बाजरी, कापूस, भुईमूग. १९८६ साली आम्ही कर्ज काढून विहीर धरली. ज्यांनी विहीर खोदली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. सकाळी पहारीनं भोकं पाडायची, दुपारी दारू भरायची, संध्याकाळी बार उडवायचे आणि दुसऱ्या दिवशी डबर वर काढायचं. पाच परसांवर गेरूचा लाल थर लागला, त्याच्याखाली ओल लागली. सगळ्यांनी नारळ फोडला. पण ती ओलच राहिली, झरा काही फुटला नाही. आठ परसांवर कातळात एक पोकळी लागली, माणूस वाकून बसेल एवढी. आत चहूबाजूंनी खडे. दादा कंदील घेऊन आत शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वरून हाका मारल्या तर म्हणाला, "पानी नही शे, पन देव्हारा शे."

त्याच पोकळीच्या कडेला घण मारताना कपची उडून दादाच्या उजव्या डोळ्यात गेली. धुळ्याला नेलं. डोळा राहिला नाही. विहिरीला उन्हाळ्यात तासभर मोटर चालेल एवढंच पाणी लागलं, ते आजही तेवढंच आहे. कर्ज फिटायला अकरा वर्षं लागली. विहीर वाया गेली असं गावानं म्हटलं. दादानं कधी म्हटलं नाही. त्यानं त्या पोकळीतले वीसेक दगड पोत्यात भरून घरी आणले होते आणि एक मोठी, नारळाएवढी गार. तिला रंग नाही, रूप नाही. धुरकट, वरून गोळे गोळे उठलेले. ती त्यानं ओसरीच्या दाराला टेकण म्हणून ठेवली. दादा २००९ मध्ये गेला. गार दाराशीच राहिली.

आता या दगडांची किंमत बाहेर काय आहे ते सांगितलं पाहिजे, कारण आमच्याच लोकांना ते माहीत नसतं. लाव्हा थंड होताना त्यात वाफेचे आणि वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपलं आणि त्यातून हे खडे हळूहळू वाढले. गुलाबी, पेंढीसारखा बांधलेला तो स्टिल्बाइट. काचेच्या पेटीसारखा चौकोनी तो अपोफिलाइट. सुयांचा गुच्छ तो स्कोलेसाइट. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मिळून झिओलाइट म्हणतात. स्वीडनच्या क्रॉनस्टेट नावाच्या माणसानं १७५६ साली असला दगड तापवला तर तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून ग्रीक भाषेतून हे 'उकळणारा दगड' असं नाव पडलं. दगडाच्या आतच पाणी बसलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मला आमची विहीर आठवली. पाणी नव्हतं असं नाही, दगडांनी धरून ठेवलेलं होतं.

बोरघाटातून रेल्वे नेताना इंग्रजांच्या काळात असेच खडे निघाले आणि तिकडे विलायतेला गेले. आता जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत 'जळगाव, महाराष्ट्र' अशी चिठ्ठी लावलेले दगड काचेत ठेवलेले असतात. आपल्याकडे सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, ते मी दोनदा पाहिलं. तिथं एका गुलाबी दगडापुढे उभा राहिलो आणि मला १९७२ चा मुकादम आठवला.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. फुलाचं बोंड झालं, बोंड वरून धडधाकट आणि आत किडकं. पुढच्या हंगामाला बियाण्याला पैसा नव्हता. तेव्हा दगडांचा एक व्यापारी गावात आला. त्यानं दिवळीतले, पोत्यातले सगळे पाहिले आणि अकरा दगड निवडले. मी आणि घरची बोललो, वहिनींना विचारलं, आणि दिले. चौदा हजार आले. त्यातून बियाणं आलं, खत आलं. दादा असता तर त्यानंही दिले असते. दाराशी टेकलेल्या गारेला त्या व्यापाऱ्यानं पायानंच हलवून पाहिलं. म्हणाला, "बाबा, ही राहू द्या. दाराला बरी आहे."

आता उजेडाची गोष्ट. ती सुरू झाली विंचवावरून. आमच्याकडे पऱ्हाटीच्या ढिगात, गोठ्याच्या भिंतीत विंचू फार. माझ्या लहानपणी लाल विंचू चावला की लेकरू वाचेल याचा भरवसा नसायचा. महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपाय दाखवला तेव्हा कुठे मरणं कमी झाली. तीन वर्षांपूर्वी घरची सरपण काढताना थोडक्यात वाचली. पुतण्या पुण्याला असतो, त्यानं जांभळ्या उजेडाची बॅटरी पाठवली. म्हणाला, "काका, हिच्यात विंचू चमकतो, रात्री लावून बघा." आणि खरंच. ज्या ढिगात साध्या बॅटरीनं काही दिसत नव्हतं, तिथं हिरवा-निळा विंचू असा दिसला की जणू कोणी रंगवून ठेवला. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, हे ध्यानात ठेवावं.

त्या रात्री विंचू शोधत ओसरीवर आलो आणि उजेड दाराच्या टेकणावर पडला. गार पेटली. दुसरा शब्द माझ्याकडे नाही. पोपटाच्या पंखासारखा हिरवा उजेड तिच्या गोळ्यागोळ्यातून निघत होता. बॅटरी विझवली की पुन्हा तोच धुरकट दगड. मी घरचीला उठवलं. ती म्हणाली, "भूतबाधा नको घरात, बाहेर ठेवा."

भूतबाधा नाही. पुतण्यानं पुस्तकं पाठवली, शाळेतल्या गुरुजींनी समजावलं, त्यातून मला उमगलं ते असं. आपल्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो, जांभळ्याच्या पलीकडचा. तो काही खनिजांवर पडला की आतले इलेक्ट्रॉन उचलले जातात आणि खाली येताना थोडी शक्ती कमी झालेला, म्हणजे आपल्याला दिसणारा, उजेड सोडतात. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञानं १८५२ साली फ्लोराइट या खनिजावरून याला नाव दिलं, फ्लुओरेसन्स. आमची गार म्हणजे कॅल्सेडनी, गारगोटीचीच जात. तिच्यातला हिरवा उजेड युरेनियमच्या अगदी सूक्ष्म अंशानं येतो. कॅल्साइटचा पांढरट पिवळा येतो, आणि माझ्याकडचा एक कॅल्साइट बॅटरी विझल्यावरही क्षणभर उजळत राहतो. सगळेच दगड चमकत नाहीत. सुंदर गुलाबी स्टिल्बाइट बहुतेक वेळा मुकाच बसतो. आणि काळा कातळ तर ठार अंधार, कारण लोखंड जास्त असलं की हा उजेड मरतो. दिवसा जो देखणा तो रात्री मुका, आणि दाराशी पडलेला तो बोलका.

हे दुसऱ्याला दाखवायचं तर फोटो पाहिजे. पहिले फोटो नुसते जांभळे आले. स्वस्त बॅटरीत डोळ्याला दिसणारा जांभळा उजेडही फार असतो. मग ३६५ नॅनोमीटरची, तोंडाला काळी काच असलेली बॅटरी आणली आणि मोबाइलच्या भिंगापुढे पिवळी काच धरली. मोबाइल तिवईवर बसवायचा, हातानं बटण दाबायचं नाही, टायमर लावायचा. रंग आणि उजेड मोबाइलला ठरवू द्यायचा नाही, आपण बांधून ठेवायचा. सात-आठ सेकंद पापणी उघडी ठेवायची आणि तेवढ्यात बॅटरी दगडाभोवती फिरवत राहायची, देवाला ओवाळतो तशी. एका जागी धरली तर एकच बाजू उजळते.

खरी अडचण धुळीची. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात तेही याच उजेडात चमकतं. त्यामुळे माझं धोतर दगडापेक्षा जास्त उजळायचं आणि कपड्याचा एकेक तंतू फोटोत निळा साप होऊन यायचा. आता दगड नुसत्या पाण्यानं, मऊ कुंचल्यानं धुतो, आणि काळोख्या रात्री स्वयंपाकघरात रंगीत सदरा घालून बसतो. आणखी एक, २५४ नॅनोमीटरचाही दिवा मिळतो. त्यात हिरवा जास्त खुलतो, पण तो डोळ्याला आणि कातडीला वाईट. तो लावताना मी चष्मा घालतो, पूर्ण बाह्या घालतो, आणि लेकरांना जवळ येऊ देत नाही. आमच्या घरात एक डोळा गेलेला आहे, दुसरा घालवायचा नाही.

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, गुरुजींनी मला शाळेत बोलावलं. खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. जवळच्या क्रशरवर काम करणाऱ्या बायाही लेकरांमागे येऊन बसल्या. गार पेटली तशी एक बाई पुढे आली. बोटांना चिंध्या बांधलेल्या. म्हणाली, "भाऊ, आम्ही रोज हाईच फोडतस का?" मी म्हटलं, "हो, यातलंच." ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी तिचा मुलगा रुमालात बांधून एक दगड घेऊन आला. साधा होता, चमकला नाही. दुसऱ्या वेळी आणला तो चमकला. आता त्याच्याकडे त्याच्या नावाच्या चिठ्ठीचे चार दगड आहेत. कोणी व्यापारी आला तर आधी रात्री बघू, मग दिवसा भाव करू, एवढं मी त्याला शिकवून ठेवलं आहे.

वहिनींनी गार पेटलेली पाहिली ती मात्र घरी. त्या पंचाहत्तरीच्या आहेत. दार लावलं, उजेड टाकला. त्या खूप वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एक डोयाघाई बी दिसनं व्हतं त्यासले." या बॅटरीशिवाय हा उजेड कोणाला दिसत नाही, दोन डोळ्यांनाही नाही, हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

फोटो पुतण्यानं कोणाकोणाला दाखवले आणि दिवाळीनंतर एका व्यापाऱ्याचा फोन आला. गारेचे चाळीस हजार देतो म्हणाला. आमच्या घरात चाळीस हजार ही लहान गोष्ट नाही. नातवाची फी आहे, मोटर जळालेली आहे. पण गार दादाची, म्हणून वहिनींना विचारायला गेलो. त्या लसूण सोलत होत्या. मी आकडा सांगितला. त्यांनी पुन्हा विचारला, मी पुन्हा सांगितला. मग त्या म्हणाल्या, "गरज पडी तव्हय इकसूत. यंदा ऱ्हाऊ दे."

तसं व्यापाऱ्याला कळवलं. मोटर उसनवारीवर भरून घेतली. गारेखाली मी चिठ्ठी लावली आहे: आठ परस, १९८६, आणि दादाचं नाव. दाराला आता वीट टेकवतो.