कारणापुरती

आमच्या घरात बिअर कधी उगाच आली नाही. तिला कारण लागायचं. कुणाची बढती झाली, कुणी रजेवर आलं, मे महिन्याचा उकाडा अंगाची लाही करू लागला, कुणाला मुतखडा झाला, असं काहीतरी निमित्त निघालं की मगच वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती लांब मानेची बाटली जिना चढून वर यायची. गिरगावातल्या चाळीत कॉमन गॅलरीतून कुणाच्या नजरेला न पडता चालणं शक्यच नव्हतं. त्यामुळे बाटली पिशवीत आडवी, तिच्यावर कोथिंबिरीची जुडी, आणि आप्पांच्या चेहऱ्यावर भाजी घेऊन आल्याचा भाव.

आप्पा म्हणजे माझे थोरले काका. त्यांची बिअर लंडन पिल्सनर. फोर्टातल्या एका कंपनीत ते हिशेब लिहायचे आणि कचेरीतली चारचौघं जी घेत तीच त्यांनी धरली, ती शेवटपर्यंत. 650 मिलीची एक बाटली घरातल्या चार पुरुषांत वाटली जायची, तीही स्टीलच्या फुलपात्रांतून. काचेचे ग्लास होते, पण ते सरबताचे. शिवाय फुलपात्रातली बिअर बाहेरून दिसत नाही; दारातून कुणी डोकावलंच तर वरचा फेस ताकाचा म्हणून खपून जाई. बाटली दुपारपासून ओल्या पंचात गुंडाळून मोरीच्या कोपऱ्यात, माठाशेजारी उभी असायची. फ्रीज आला तो फार नंतर.

या कारण सांगण्याच्या सवयीचं मूळ कुठे आहे ते मला बऱ्याच उशिरा, आजोबांच्या कागदपत्रांत त्यांचं परमिट सापडलं तेव्हा उमगलं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. त्या कायद्यात पिणाऱ्याला वाट ठेवली होती ती प्रकृतीची. डॉक्टरांचा दाखला आणायचा, या माणसाला प्रकृतीसाठी मद्याची गरज आहे असं लिहून घ्यायचं, मग ठरलेल्या कोट्यापुरतं परमिट मिळायचं. धडधाकट माणसाने कागदोपत्री आजारी व्हायचं, तेव्हा कुठे त्याला एक प्याला उघडपणे घेता यायचा. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही पकड सैल झाली, परमिट रूमच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या. पण ज्या पिढीने उमेदीच्या वर्षांत डॉक्टरांसमोर बसून आपली तहान दुखण्याच्या नावावर लिहून घेतली, तिच्या तोंडून ‘मला आवडते म्हणून’ हे शब्द कसे निघणार?

कायद्याला सगळा बोल लावणंही बरोबर नाही. आजीच्या सख्ख्या भावाने दारूपायी घर, शेत आणि शेवटी बायको-पोरं गमावली होती. ती गोष्ट आमच्याकडे कुणी पुरती सांगत नसे, पण फुलपात्रं बाहेर निघाली की आजी स्वयंपाकघरातून उठून गॅलरीत जाऊन बसायची आणि ती धुऊन फडताळात जाईपर्यंत आत येत नसे. एका बाटलीवर दुसरी कधी आली नाही, ती आजीच्या त्या पाठीमुळे. कारण हवंच, हा दंडक तिच्या भीतीतूनही आला होता, आणि ती भीती खोटी नव्हती.

धाकटा मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत. बेळगावहून रजेवर आला की त्याच्या काळ्या ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये कॅन्टीनची रम असे, आणि आप्पांसाठी खास गोल्डन ईगलच्या दोन बाटल्या. ही मोहन मीकिनची बिअर. या कंपनीची मुळं कसौलीत 1855 साली एडवर्ड डायरने काढलेल्या कारखान्यात आहेत. हा एडवर्ड म्हणजे जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचा बाप. स्वातंत्र्यानंतर कारखाना नरेंद्रनाथ मोहन यांच्या हाती आला. मामाला हे ठाऊक होतं, आणि बाटली उघडताना तो ते दर वेळी सांगायचा. आता ती आपली आहे, हे शेवटचं वाक्य तो ज्या ठसक्यात म्हणायचा, तो ठसका पलटणीतला होता.

मामा एक प्रयोग करायचा. बिअर टिकावी म्हणून तीत ग्लिसरीन घालतात आणि त्यानेच डोकं धरतं, असा समज तेव्हा सर्रास होता. ते काढून टाकायला तो काचेच्या मोठ्या ग्लासात काठोकाठ पाणी घ्यायचा, झाकण उडवून बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, बाटली उलटी करून तोंड पाण्यात बुडवायचा आणि अंगठा अलगद काढायचा. आम्ही पोरं ग्लासाला नाक लावून बसायचो. बाटलीच्या तोंडातून सोनेरी, तेलकट दिसणारी धार वळवळत खाली उतरायची आणि ग्लासाच्या तळाशी साचून राहायची. तेवढंच पाणी बाटलीच्या मानेतून वर चढायचं. ‘बघा, निघालं विष!’ मामा म्हणायचा. खरं तर ती बिअरच असायची. आंबून उरलेल्या साखरेमुळे बिअर पाण्याहून जराशी जड असते, थंडगार असली तर आणखी जड. जागा मिळाली की ती खाली सरकते आणि पाणी तिची जागा घेतं. म्हणजे घरचे पुरुष पाणी शिरलेली बिअर मोठ्या समाधानाने प्यायचे. विज्ञान कळलं तरी माझं त्या धारेवरचं प्रेम उणावलं नाही. इतकी सुंदर दिसणारी गोष्ट आमच्या दोन खोल्यांत दुसरी नव्हती.

गोव्यात मात्र कारणाची गरज नव्हती. म्हापशाच्या मावशीकडे गेलो की मावशीचे यजमान दुपारच्या जेवणाआधी किंग्जची छोटी बाटली उघडत. घरच्या बायकांसमोर, ओसरीवर, तळलेल्या बांगड्याच्या तुकडीबरोबर. कुणी उठून आत जात नसे. मुंबई राज्याचा तो कायदा या भूमीवर कधी आलाच नाही. 1961 पर्यंत इथे पोर्तुगीज होते आणि नंतरही गोव्याचं धोरण गोव्याचंच राहिलं. आप्पा तिथे बसले की त्यांचे खांदे सैल सुटलेले मी पाहिलेत. परतताना पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यात शिरलो की तेच आप्पा पुन्हा ताठ.

आणि मग आत्या. या सगळ्यांत मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते तिच्याविषयी. आत्या लवकर विधवा झाली, माहेरी परतली आणि आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शिकवत राहिली. पन्नाशी उलटल्यावर तिला मुतखड्याने गाठलं. मुतखड्यावर बिअर, हा इलाज महाराष्ट्रात कुणालाही विचारा, तो सांगेल. बिअरने लघवी जास्त होते एवढंच खरं. खडा काही विरघळत नाही, आणि नुसतं पाणी भरपूर प्यायलं तरी तेच काम होतं. पण आमच्या घरात हा सल्ला आला आणि आप्पांनी लगेच अमलात आणला. बहिणीच्या कळा त्यांना बघवत नव्हत्या. आत्याने पहिल्या दिवशी नाक दाबून, काढा घेतात तशी फुलपात्रभर बिअर संपवली. मोहरीएवढा खडा यथावकाश पडला. दुखणं संपलं.

आठवड्याने आत्या आप्पांना म्हणाली, ‘दादा, शनिवारी माझं औषध आणशील ना?’

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘पडला ना खडा?’

‘पडला. पण मला ती आवडते.’

आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि ते एका बाईने, सोवळ्यात वाढलेल्या बाईने उच्चारलं. आजी नेहमीसारखी गॅलरीत गेली नाही. दारातच उभी राहिली, थोड्या वेळाने आत आली आणि पापड भाजायला घेतले. त्या भाजलेल्या पापडांइतका मोठा होकार मी आजीकडून दुसरा ऐकला नाही. तेव्हापासून चार फुलपात्रांची पाच झाली, बाटली मात्र एकच राहिली. चौघांनीही आपापल्या वाट्याची कपात कुरकुर न करता सोसली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

आप्पा गेले, मामा गेला. दुकानांत आता बहुतेक मागणी स्ट्राँगची. माझे भाचे पुण्यात मायक्रोब्रुअरीत बसून गव्हाच्या बिअरवर तासभर बोलतात, आणि ते ज्या मोकळेपणाने बोलतात तो मला मनापासून हवासा वाटतो. आत्याकडे मी शनिवारी जाते. बाटली माझ्या पिशवीत सरळ उभी असते, कोथिंबिरीशिवाय. आत्या आधी चष्मा लावून लेबल वाचते, माइल्ड आहे ना याची खात्री करते, किंमत विचारते, हळहळते आणि मग फडताळातून दोन फुलपात्रं काढते.

‘आणि दाणे कुठेत?’ गेल्या खेपेला तिने विचारलं. ‘नुसती बिअर का कुणी पितं? जा, खाली वाण्याकडून खारे दाणे घेऊन ये. आणि पळत ये, गरम होईल ती.’