ओठांभोंवतींच्या रेघा

मनुष्याच्या वयाची एक नोंद जन्मपत्रिकेंत असते, ती लग्न जुळल्यावर कोणी वाचीत नाहीं. दुसरी तोंडावर असते, ती मात्र साऱ्या जगाला वाचतां येते. आमच्या तोंडावरील नोंद आम्हीं चाळीस वर्षें मिशांखालीं दडवून ठेवली आहे, त्यामुळें ह्या विषयांत बोलण्याचा आमचा अधिकार थोडा. तरीहि गेल्या चैत्रांत ह्या विषयानें आमच्या घरीं असें कांहीं ठाण मांडलें कीं, चार ओळी लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

प्रकरणाचा आरंभ आमच्या साडेचार वर्षांच्या नातीनें केला. आजीच्या मांडीवर बसून ती सशाची गोष्ट ऐकत होती. गोष्ट रंगांत आली असतां मध्येंच तिनें आजीच्या हनुवटीला बोट लावलें आणि विचारलें, "आजी, तूं माझ्यावर रागावलीस का ग?"

"नाहीं ग बाळ. कां?"

"मग तुझं तोंड असं खालीं का?"

त्या रात्रीं आमच्या पत्नीनें आम्हांला आरशापुढें बोलावून त्या रेघा दाखविल्या. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून त्या हनुवटीकडे उतरल्या होत्या. इंग्रजींत त्यांना कळसूत्री बाहुलीच्या जबड्यावरून नांव दिलेलें आहे, हें आम्हांला मागाहून समजलें. वरच्या ओठावर उभ्या बारीक रेघाहि होत्या. अशा प्रसंगीं नवरे जें बोलतात तेंच आम्ही बोललों: वयाप्रमाणें हें व्हावयाचेंच, निसर्गाच्या कामांत ढवळाढवळ कशाला?

"आणि मिशांना महिन्यांतून दोनदां कलप लावतां, तो कोणत्या निसर्गानें सांगितला हो?" पत्नीनें विचारलें. मग थोड्या वेळानें म्हणाली, "म्हातारी दिसायला माझी ना नाहीं. पण मी रागावलेली नसतांना पोरीला रागावलेली दिसतें. जी मी नाहीं ती दिसतें. त्याचं काय करायचं?"

ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आमच्या लहानपणीं हा प्रश्न निघत नसे. पन्नाशीच्या सुमारास आजीचे दांत जात, दांत गेले कीं ओठ आंत वळत, तोंडाचें बोळकें होई, आणि त्या बोळक्याचें हंसणें आम्हां मुलांना जगांतील सर्वांत मोठें हंसणें वाटे. परंतु त्या काळीं आजी दिवसभर जवळ असे. तिचा राग आणि तिची माया मुलांना आवाजावरून कळे. आमची नात रविवारीं दोन तास येते. दोन तासांत मूल तोंडाकडेच पाहणार.

शेवटीं आम्ही दोघें एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलों. बाई वयानें आमच्या मुलीएवढ्या, पण बोलणें स्वच्छ. त्यांनीं पहिल्याच भेटींत सुई हातीं न घेतां अर्धा तास समजावून सांगितलें, ह्याबद्दल आम्हीं त्यांना मनांतल्या मनांत शंभर गुण दिले. तोंडाभोंवतीं जो वर्तुळाकार स्नायू असतो त्याला दुसऱ्या स्नायूंसारखा हाडाचा भक्कम आधार नाहीं. बटव्याच्या नाडीसारखा तो तोंड आवळतो आणि सैल करतो. नाडी ओढली कीं बटव्याला ज्या चुण्या पडतात त्याच वरच्या ओठावरच्या उभ्या रेघा. तरुणपणीं नाडी सैल होतांच चुण्या मोडतात. पुढें कातडीचा ताठा जातो, ऊन आणि धूम्रपान त्याला हातभार लावतात, आणि चुण्या मोडेनाशा होतात. कोपऱ्यांच्या रेघांचें कारण निराळें: जबड्याचें हाड झिजतें, गालांची चरबी खालीं सरकते, आणि वरचें सामान ओठांच्या कडेला येऊन दुमडतें. पुरुषांना हा त्रास कमी होतो, कारण दाढीमिशांच्या मुळांचा व त्यांच्याजवळील ग्रंथींचा कातडीला आंतून टेकू मिळतो. हें सांगतांना बाईंनीं आमच्या मिशांकडे पाहिलें. आमची पत्नीहि पाहूं लागली.

मग उपायांची चर्चा निघाली. पहिला उपाय म्हणजे एक विष. 1820 च्या सुमारास जर्मनींत युस्टिनुस केर्नर नांवाच्या वैद्यानें (हे गृहस्थ कवीहि होते) सॉसेज खाऊन दगावणाऱ्या लोकांचा अभ्यास केला व हें विष औषध म्हणून उपयोगीं पडेल असेंहि लिहून ठेवलें. 1895 सालीं बेल्जममधील एका खेड्यांत अंत्यविधीला वाजविण्यासाठीं आलेल्या वाजंत्र्यांनीं खराब झालेलें डुकराचें मांस खाल्लें. तिघे मेले, आणि त्या मांसांतून व्हान एर्मेंगेम ह्या शास्त्रज्ञानें विषाचा जंतु शोधून काढला. पुढें तिरळ्या डोळ्यांसाठीं त्याचा उपयोग झाला. 1987 मध्यें व्हॅंकूव्हरच्या जीन कॅरथर्स ह्या नेत्रवैद्य बाईंना रोग्याच्या भुंवयांमधील आठ्या मावळलेल्या दिसल्या, तेव्हां त्यांनीं व त्यांच्या त्वचावैद्य पतीनें हा नवा मार्ग धरला. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप हें विष अडवितें. तीनचार महिन्यांनीं निरोप पुन्हा पोंचूं लागतो, ओठांच्या बाबतींत पुष्कळदां त्याहून लवकर. भुंवयांमध्यें वीस युनिटें देतात, तर ओठाला चारपांचच, कारण हा स्नायू थकला कीं पेय नळीनें ओढतां येत नाहीं, शिट्टी वाजत नाहीं, आणि कांहीं अक्षरें सैल पडतात.

"कोणतीं अक्षरें?" पत्नीनें एकदम विचारलें.

बाईंनीं क्षणभर विचार करून सांगितलें, "प, फ, ब, भ, म."

येथें सांगितलें पाहिजे कीं, आमची पत्नी दर गुरुवारीं अंध विद्यार्थ्यांकरितां पुस्तकें वाचून तीं ध्वनिमुद्रित करते. सात वर्षांत तिनें हा वार क्वचितच चुकविला असेल. ज्या मुलांनीं तिचें तोंड कधीं पाहिलें नाहीं आणि पाहणारहि नाहींत, त्यांच्याकरितां तिच्या ओठांचें सारें मोल त्या पांच अक्षरांत होतें. परीक्षेच्या पुस्तकांत 'भार' आणि 'वार' एकसारखे ऐकूं आले तर मुलानें काय करावें? विषाचा प्रश्न तेथेंच निकालांत निघाला. कोपरा खालीं ओढणाऱ्या स्नायूंतहि हें विष देतां येतें, पण औषध बाजूला पसरलें तर हंसूं वांकडें होतें, हें ऐकल्यावर उरलासुरला मोहहि गेला.

दुसरे उपाय कातडी जाळण्याचे किंवा सोलण्याचे. कार्बन डायॉक्साइडचा लेसर वरचा थर उडवून खालीं नवें बांधकाम सुरू करतो. तीव्र आम्लांनींहि तेंच साधतें. उभ्या रेघांवर ह्यांचा गुण चांगला येतो, परंतु तो गोऱ्या युरोपीय कातडीवर. आपल्या सांवळ्या, गव्हाळ कातडीला भाजलें कीं ती काळे डाग धरून बसते. आमच्या परिचयाच्या एका बाईंनीं मुलाच्या लग्नाच्या तोंडावर एका सौंदर्यगृहांत, वैद्य नसलेल्या माणसाकडून, असला लेप करून घेतला. लग्नाच्या सर्व छायाचित्रांत त्यांच्या ओठांभोंवतीं काळसर कडें आहे. रात्रीं लावावयाचें ट्रेटिनॉइन नांवाचें, अ जीवनसत्त्वाच्या कुळांतील मलम त्यामानानें गरीब. 1986 पासून उन्हानें जून झालेल्या कातडीवर त्याचा गुण नोंदला गेला आहे. मात्र महिनेंच्या महिनें धीर धरावा लागतो, आरंभीं कातडी सोलते, आणि दिवसा ऊन टाळण्याचा लेप चुकवून चालत नाहीं. तें आम्हीं घेतलें.

राहिला भरणीचा उपाय. हीहि कल्पना जुनी. 1899 सालीं व्हिएन्नाच्या गेरसुनी ह्या शस्त्रवैद्यानें व्हॅसलीनसारखा पदार्थ टोंचून पोकळी भरली. त्याचें अनुकरण करणाऱ्यांच्या रोग्यांच्या तोंडांवर पुढें गांठी आल्या, त्या आयुष्यभर गेल्या नाहींत. आतां हायल्युरॉनिक आम्ल वापरतात. 1934 सालीं मायर आणि पामर ह्यांनीं तें गुरांच्या डोळ्यांतून प्रथम वेगळें काढलें. तें आपल्याहि कातडींत असतें आणि पाणी धरून ठेवतें. पुढें तें कोंबड्याच्या तुऱ्यापासूनहि काढीत.

"म्हणजे मांसाहारी?" पत्नी खुर्चींतून अर्धी उठली.

आतां बहुधा जंतूंकडून आंबवून तयार करतात, असें कळल्यावर ती बसली. ही भरणी सहा महिने ते वर्षभर टिकते. धोका क्वचित् येतो, पण आला तर मोठा: औषध चुकून रक्तवाहिनींत गेलें तर कातडीचा तुकडा मरूं शकतो, आणि क्वचित् दृष्टीहि जाते. त्यावर भरणी विरघळविणारें दुसरें औषध तत्काळ द्यावें लागतें. तें औषध ह्या घटकेला दवाखान्यांत आहे काय, असें आम्हीं विचारलें. बाईंनीं कपाट उघडून कुपी दाखविली. आमच्या साऱ्या शंकाकुशंकांत एवढा एकच प्रश्न कामाचा होता असें पत्नीचें मत आहे.

आठ दिवस आम्ही दोघांनीं हा विषय काढला नाहीं. आठव्या दिवशीं तिनें सांगितलें कीं, वरच्या ओठाला हात लावावयाचा नाहीं, तेथील रेघा राहूं द्यावयाच्या. फक्त दोन्ही कोपऱ्यांना थोडी भरणी. खर्च आमच्या महिन्याच्या किराण्याहून बराच अधिक होता. आम्ही बोललों नाहीं.

सुया टोंचून घरीं आल्यावर ती बर्फाची पुरचुंडी हनुवटीला लावून बसली. उजव्या बाजूला थोडी सूज होती. तिनें गुरुवारचें पुस्तक उघडलें आणि मोठ्यानें एक पान वाचलें. मग पुन्हा तेंच पान, प आणि भ ठासून. आम्ही शेजारच्या खोलींत डोळे मिटून ऐकत होतों. एकहि अक्षर गळालें नाहीं.

दोन आठवड्यांनीं सूज पार उतरली. रेघा पुसल्या गेल्या नाहींत, परंतु कोपरे किंचित् वर आले. रविवारीं नात आली, मांडीवर चढली, आजीच्या तोंडाकडे बराच वेळ निरखून पाहत राहिली. पत्नीनें श्वास रोखला होता.

"आजी," ती म्हणाली, "आज लाडू नाहींत का?"