३२ जीबीचा हिशेब

उत्तर प्रदेश सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत टॅबलेट आणि स्मार्टफोन वाटायला सुरुवात केली. झाशीतल्या महाविद्यालयीन मुलामुलींच्या हातीही ही साधने आली. स्वस्त टॅबलेटची साठवण कित्येकदा ३२ जीबीच असते. कंपन्या एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. १,०२४च्या पटीने मोजले तर तेच ३२ जीबी सुमारे २९.८ भरतात. पण खरी जागा खातात ती अँड्रॉइड आणि आधीपासून भरलेली अ‍ॅप्स. अशा अ‍ॅपचे अपडेट आले की मूळ प्रत सिस्टीमच्या भागात तशीच राहते आणि नवी प्रत वापरकर्त्याच्या जागेत येऊन बसते. मेमरी कार्डावर फोटो, व्हिडिओ, पीडीएफ हलवता येतात. सिस्टीम फाइल्स जागच्या हलत नाहीत. कॅशे पुसली तरी वापरागणिक पुन्हा भरते. नको असलेल्या अ‍ॅपची अपडेट्स काढून ते बंद केल्यास थोडी जागा सुटते, इतकेच. परीक्षेच्या तोंडावर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना आली की विद्यार्थ्याला स्वतःची टिपणेच पुसावी लागतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून खोक्यावर एकूण साठवणीशेजारी प्रत्यक्ष वापरता येणारी जागाही तेवढ्याच ठळक अक्षरांत छापली गेली पाहिजे.