एक्सलखालचा स्लाक

त्याला भेटायचं तर गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं. वर पाटे, त्यांच्या आड एक्सल, एक्सलला धरून बसलेला हवेचा गोल डबा, डब्यातून बाहेर आलेली दांडी आणि दांडीच्या टोकाशी अडकवलेला वीतभर लोखंडी तुकडा. कंपनीच्या पुस्तकात याचं नाव स्लॅक अ‍ॅडजस्टर. मिस्त्रींच्या तोंडी नुसता स्लाक. कारखान्यातून निघाला तेव्हा त्याला रंग असणार. खापरखेड्याच्या फेऱ्या सुरू झाल्या की तो राखेच्याच रंगाचा होतो.

या गावाचं चलनवलन दोन गोष्टींवर: कोळसा आत, राख बाहेर. महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र १३४० मेगावॉटचं, २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक. आपल्या देशी कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राखच असते, म्हणजे तीन गाड्या कोळसा जळला की गाडीभर राख ठरलेली. पाण्यात कालवलेली राख पाइपातून वारेगावच्या बंधाऱ्याकडे जाते, कोरडी राख बल्करमध्ये भरून सिमेंटवाल्यांकडे. राख वापरलीच पाहिजे असा नियम केंद्र सरकारने १९९९ मध्ये काढला, तेव्हापासून या राखेला गिऱ्हाईक मिळत गेलं. गिऱ्हाईक म्हटलं की गाड्या आल्या. हायवा असो, बल्कर असो की लांबलचक ट्रेलर, वरची खोकी निराळी. खाली चाकामागे स्लाक आहेच.

स्वभाव गावच्या जुन्या कोतवालासारखा: हुकूम दुसऱ्याचा, धावपळ याची, आणि काही चुकलं तर बोलणीही यालाच. ड्रायव्हर पेडल दाबतो, हवा डब्यात शिरते, दांडी बाहेर सरकते आणि स्लाकला ढकलते. स्लाक कॅमचा दांडा पिळतो, कॅम ब्रेकशू फाकवतो, लायनर ड्रमला जाऊन भिडतो. एवढ्यावर त्याचं काम संपलं असतं तर तो साधा तरफेचा तुकडा ठरला असता. पण त्याच्या पोटात दातेरी चाक आणि त्याला भिडलेला आटेदार स्क्रू आहे, बाहेर एका बोल्टचं डोकं. लायनर झिजला, शू आणि ड्रममधली जागा वाढली, की पान्याने हा बोल्ट फिरवायचा. आतलं चाक थोडं पुढे सरकतं आणि झिजलेलं अंतर भरून निघतं. शू ड्रमला टेकेपर्यंत आवळायचं आणि मग पाव ते अर्धा फेरा सोडायचं. न सोडता गाडी काढली तर ब्रेक घासतच राहतो, ड्रम जळतो.

झीज मोजायची पट्टी म्हणजे ती दांडी. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली बघायचं दांडी किती बाहेर येते ते. नेहमीच्या मोठ्या डब्याची दांडी दोन इंचांपेक्षा जास्त आली की समजावं, जोर ओसरायला लागलाय. दांडी आणि स्लाक काटकोनाच्या आसपास असतात तेव्हा दाब पुरता लागतो. कोन उघडत गेला की तीच हवा, तोच डबा, पण ब्रेक अर्धवट. त्यातही एक खोच आहे. बीड तापलं की फुगतं, म्हणजे ड्रम तापला की शूपासून दूर सरकतो. सकाळी थंड गाडीवर ठीक वाटलेलं माप मे महिन्याच्या दुपारी, भरल्या गाडीने, उतारावर खोटं ठरतं. अपघातानंतर सगळे सांगतात, ‘ब्रेक अचानक फेल झाला.’ मला हा ‘अचानक’ पटत नाही. स्लाक किती तरी दिवस आधीपासून दांडी लांबवून सांगत असतो. फक्त ते ऐकायला गाडीखाली झोपावं लागतं, आणि फेरीवर पैसे मिळत असताना कोण झोपतो?

समुद्रावर होडी उतरवणाऱ्या ट्रेलरची चाकं थेट खाऱ्या पाण्यात जातात. तिथली माणसं गाडी वर आली की ड्रममध्ये गोडं पाणी सोडतात, कारण मीठ रात्रभरात काम करून ठेवतं. खापरखेड्यापासून समुद्र शेकडो कोस लांब, पण पाऊस पडला की इथेही तशीच गत. ओली राख अंगाला बसते, सुकली की कडक होते आणि पुढच्या पावसात पुन्हा ओल धरून ठेवते. त्या थराखाली लोखंड गंजत राहतं. राखेचे कण बारीक आणि कठीण, म्हणून बुशमध्ये शिरले की कॅमचा दांडा खातात. सगळ्यात वाईट गोष्ट बोल्टपाशी होते. त्याच्याभोवती स्प्रिंगवर बसलेली एक कडी असते. पाना लावताना ती आत दाबली जाते, पाना काढला की बाहेर येऊन बोल्टला धरते. राखेचा चिखल सुकून कडी आतच अडकली, तर आवळलेला स्लाक रस्त्याच्या हादऱ्यांनी आपोआप ढिला होत जातो, आणि मालक म्हणतो, ‘कालच तर टाईट केला!’

पावसाळ्यात आणखी एक खेळ. ओल्या गाडीला पार्किंग ब्रेक लावून दोन दिवस उभी ठेवली की लायनर आणि ड्रम गंजाने एकमेकांना धरून बसतात. गाडी हलते, ते चाक फिरत नाही, घासत जातं. मग घण घेऊन ड्रमच्या कडेवर ठोकायचं. हवेच्या गाडीत पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा असतो. हवा त्याला सोडवते, हवा गेली की स्प्रिंग आवळते. हवा फुटली तर गाडी थांबली पाहिजे, हा विचार मूळचा रेल्वेचा, अमेरिकेतल्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये अमलात आणलेला. विचार चांगलाच, पण ओल्या राखेचा हिशेब त्यात नव्हता. सपाट जागी चाकाला दगड लावून ब्रेक सोडलेला बरा.

मिस्त्रीचं निदान मात्र ऐकण्यासारखं असतं.

‘भाऊ, ब्रेक मारला का गाडी उजव्या बाजूले वढते. उजवा ब्रेक जास्त टाईट झाला वाटते.’

‘उजव्याले कायले दोष देता? तो आपलं काम करून राह्यला. डाव्याचा स्लाक ढिल्ला असन. घाला जॅक.’

आता ऑटो स्लाक आलाय. तो स्वतःच झीज ओळखतो आणि स्वतःच आवळतो. म्हणून मालक निर्धास्त, आणि या स्लाकची अवस्था जुन्यापेक्षा वाईट. ऑटो स्लाकची दांडी पुन्हा पुन्हा लांब जात असेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो: बुश खाल्लेला, पिन झिजलेली, नाहीतर डब्याचा ब्रॅकेट तडकलेला. ते न बघता पान्याने जबरदस्तीने आवळत राहिलं की त्याच्या आतलं यंत्रच बिघडतं. शिवाय ऑटो म्हटल्यावर ग्रीसगन कुणी हातातच घेत नाही.

‘ऑटो आवाज देते का, मले ग्रीस पायजे म्हून?’ मिस्त्री खालूनच विचारतो आणि पेचकसाने राख खरवडत निपल शोधायला लागतो. निपल सापडतं, पण तोंड बुजलेलं. ‘नवीन निपल घेऊन या, दहा-बारा आणा. बाकीच्या चाकांचं काय वेगळं असनार हाय.’