छत्तीस जुलै

२०२४ साली ढाक्यात जुलै महिना ३१ तारखेला संपला नाही. मुलांनी ठरवलं, हातातलं काम तडीस जाईपर्यंत जुलैच चालू राहील. मग ३२ जुलै उजाडला. ३३, ३४, ३५. आणि ३६ जुलैला, म्हणजे ५ ऑगस्टला, चारी दिशांनी माणसांचे लोंढे राजधानीकडे निघाले. पंतप्रधान शेख हसीना गणभवन हे आपलं निवासस्थान सोडून गेल्या आणि संध्याकाळी दिल्लीजवळच्या हिंडन हवाईतळावर उतरल्या. साडेपंधरा वर्षांची सत्ता एका दुपारी कोसळली. रस्त्यांवर लोक नाचले, रडले, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले. पण ज्यांनी तो महिना आपल्या अंगावर लांबवत नेला, त्यांतली कितीतरी मुलं त्या दुपारी मातीखाली होती.

सुरुवात नोकरीपासून झाली होती. सरकारी नोकऱ्यांतल्या ३० टक्के जागा १९७१च्या बांगलादेश मुक्तियुद्धातल्या मुक्तिसैनिकांच्या वारसांसाठी राखीव होत्या. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१८मध्ये ते आरक्षण रद्द झालं, आणि ५ जून २०२४च्या उच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा दारात आलं. शिकून बसलेली, शिकवण्या करून पोट भरणारी पोरं रस्त्यावर आली ती एवढ्यासाठीच. १४ जुलैला पंतप्रधानांनी पत्रकार परिषदेत विचारलं, मुक्तिसैनिकांच्या नातवंडांना नाही तर काय रझाकारांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या? पाकिस्तानी लष्कराला साथ देणारे ते रझाकार. बंगाली कानांना याहून जहरी शब्द नाही. त्या रात्री ढाका विद्यापीठाची वसतिगृहं रस्त्यावर आली, मुलींचीसुद्धा. नोकरीचा प्रश्न त्या रात्री मानाचा झाला.

आणि दोनच दिवसांनी, १६ जुलैला, रंगपूरच्या बेगम रोकेया विद्यापीठासमोर तू उभा राहिलास, अबू सईद. काळा टीशर्ट, हातात एक काठी, आणि दोन्ही हात आडवे पसरलेले. समोर बंदुका. तू पळाला नाहीस. छर्रे लागले, तू कळवळलास, वाकलास, आणि पुन्हा छाती पुढं केलीस. मग खाली बसलास. साऱ्या जगानं ते पाहिलं. पोलिसांच्या फिर्यादीत मात्र आंदोलकांच्या विटा-दगडांचा उल्लेख होता, पोलिसांच्या गोळीचा नव्हता.

तू गरिबाघरचा. भावंडांत विद्यापीठापर्यंत पोचलेला तूच. इंग्रजी शिकत होतास आणि शिकवण्या करून स्वतःचं भागवत होतास. आदल्या दिवशी तू फेसबुकवर शम्सुज्जोहा सरांना हाक मारली होतीस. राजशाही विद्यापीठाचे ते प्राध्यापक १९६९मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना वाचवायला सैनिकांसमोर गेले आणि मारले गेले. असा एखादा गुरू आज हवा होता, असं तुला वाटत होतं. गुरू आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी तूच उभा राहिलास. ऑक्टोबरमध्ये शिक्षक नोंदणीच्या लेखी परीक्षेचा निकाल लागला. उत्तीर्णांमध्ये तू होतास. मास्तर व्हायच्या वाटेवरची लेखी परीक्षा तू पार केली होतीस, अबू सईद. वर्गात जायला तू उरला नव्हतास.

१८ जुलैला ढाक्याच्या उत्तरा भागात मीर मुग्धो नावाचा मुलगा अश्रुधुरानं डोळे चुरचुरत असताना पाण्याच्या बाटल्या वाटत फिरत होता. ‘पानी लागबे, पानी?’ पाणी हवंय का, पाणी? ही त्याची हाक एका चित्रफितीत राहिली आहे. थोड्याच वेळात कपाळात गोळी शिरली. त्याच रात्री देशभरचं इंटरनेट बंद झालं. दुसऱ्या दिवशी संचारबंदी आली, लष्कर आलं. त्या अंधारात नारायणगंजमध्ये घराच्या गच्चीवर खेळणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला गोळी लागली. तिला कोणती मागणी होती? ४ ऑगस्टला एका रिक्षाच्या पायठेवणीवर आडवा टाकलेला सतरा वर्षांचा मुलगा, डोकं एका बाजूला लोंबकळतंय, रिक्षावाला पायडल मारत दवाखाना शोधतोय. ते छायाचित्र वर्तमानपत्रात आलं, आणि ते पाहून घरच्यांना आपला मुलगा कुठं गेला ते कळलं.

एवढी प्रेतं पडल्यावर सरकारनं ३० जुलैचा दुखवटा जाहीर केला. काळ्या फिती लावा म्हणून सांगितलं. लोकांनी त्या नाकारल्या. त्यांनी डोळ्यांवर, तोंडावर लाल कापड बांधलं, आणि फेसबुकवर माणसांच्या चेहऱ्यांच्या जागी नुसता लाल रंग पसरत गेला. आपल्या मेलेल्यांसाठी कसं रडायचं हे मारणाऱ्याकडून ऐकून घ्यायला लोक तयार नव्हते. शोकावरचा हक्क त्यांनी परत घेतला, आणि सरकार खऱ्या अर्थानं त्याच दिवशी गेलं, असं मला वाटतं.

पण शेवटच्या दिवसालाही रक्ताची तहान होती. ५ ऑगस्टला शहराच्या एका भागात विजयाच्या घोषणा चालू असताना जात्राबाडीत पोलीस पळणाऱ्यांवर गोळ्या झाडत होते. ढाक्याजवळच्या आशुलियात मारलेल्यांचे देह गाडीत टाकून पेटवले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं फेब्रुवारी २०२५मध्ये अहवाल दिला. १ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात १,४००पर्यंत माणसं मारली गेली असावीत, त्यांतली बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी, आणि शंभरातली बारा-तेरा लहान मुलं. त्याच्या महिनाभर आधी निघालेल्या सरकारी राजपत्रात शहिदांची नावं ८३४. दोन्हींची मोजण्याची रीत वेगळी, हे खरं. तरी त्या दोन आकड्यांमध्ये केवढं मोठं मैदान पसरलं आहे! ढाक्यात रायेरबाजारच्या कबरस्तानात त्या दिवसांतले शंभराहून अधिक देह ओळख न पटताच पुरले गेले. ज्याचं नाव यादीत आलं त्याच्या आईला निदान एक जागा आहे, जिथं हात ठेवून रडता येतं. बाकीच्यांच्या आया अजून दाराकडं बघत असतील.

ढाक्याला हे नवं नाही, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. मोहम्मदपूरच्या एका कमानीला एके काळी पाकिस्तानी लष्करशहा अय्युबखानाचं नाव होतं. २० जानेवारी १९६९ला असद नावाचा विद्यार्थी नेता पोलिसांच्या गोळीनं पडला, आणि लोकांनी त्या कमानीला असदचं नाव दिलं. दोन महिन्यांनी अय्युबखान सत्तेवरून गेला. १० नोव्हेंबर १९८७ला नूर हुसेन नावाचा तरुण उघड्या अंगावर रंगानं लिहून मोर्चात आला. छातीवर हुकूमशाही नष्ट होवो, पाठीवर लोकशाही मुक्त होवो. त्याला गोळी घातली. तीन वर्षांनी, ६ डिसेंबर १९९०ला, जनरल इर्शादनी सत्ता सोडली. ज्या चौकात नूर हुसेन पडला त्याला आज त्याचं नाव आहे. तो हसीना यांच्याच अवामी लीगच्या युवक संघटनेचा कार्यकर्ता होता. इर्शादविरुद्धच्या त्या लढ्यात पुढं असलेल्या शेख हसीना नंतर पंतप्रधान झाल्या, आणि त्यांच्याच राजवटीत अबू सईदच्या छातीत छर्रे शिरले. रस्त्यावरच्या रक्तातून वर आलेल्या माणसांना रस्त्याची भाषा इतकी कशी विसरता येते?

लोक म्हणतात, जनशक्तीपुढं कुणाचं चालत नाही. म्हणतात ते खरं आहे, आणि ऐकताना ऊर भरूनही येतो. पण त्या वाक्याखाली प्रेतं आहेत. २०१४च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झालं नाही, कारण समोर कुणी उभंच नव्हतं. २०१८मध्ये मतपेट्या आदल्या रात्रीच भरल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२४च्या निवडणुकीवर मुख्य विरोधी पक्षानं बहिष्कार टाकला. २००८नंतर वयात आलेल्या एका अख्ख्या पिढीनं सरकार बदलू शकेल असं मत कधी टाकलंच नव्हतं. कागदाच्या एका चिठ्ठीनं जे सहज झालं असतं, त्यासाठी या मुलांना छाती द्यावी लागली. त्यांच्या धैर्यापुढं मी वाकतो. पण त्या धैर्याची वेळ यावी, याचा मला संताप आहे.

शोक करायचा तर तो अर्धा करता येत नाही. सिराजगंजमधल्या इनायतपूर ठाण्यात ४ ऑगस्टला जमावानं डझनाहून अधिक पोलीस मारले. तेही कुणाचे तरी मुलगे होते. सत्ता पडल्यावरच्या दिवसांत हिंदूंची घरं, देवळं, दुकानं फोडली गेली. त्या घरांतल्या बाया रात्रभर जाग्या राहिल्या. अबू सईदनं हात पसरले होते ते कुणाला भिववायला नव्हेत. त्याच्या नावानं कुणाचं घर पेटवणारा माणूस त्याच्यावर दुसऱ्यांदा गोळी झाडतो.

नोव्हेंबर २०२५मध्ये ढाक्याच्या न्यायाधिकरणानं हसीना यांना, त्या गैरहजर असताना, मृत्युदंड सुनावला. काहींनी पेढे वाटले. मला त्यात विसावा सापडत नाही. आणखी एका मरणानं या मुलांचं देणं फिटणार नाही. मारणाऱ्यांचा न्याय उघड्या न्यायालयात, पुराव्यांनिशी व्हावा, हुकूम कुणी दिले हे लिहून निघावं. रायेरबाजारच्या प्रत्येक देहाला त्याचं नाव परत मिळावं. आणि पुढं जो कुणी तिथं राज्य करील, त्यानं रोज सकाळी स्वतःला बजावावं की आपल्याला हटवण्याचा लोकांचा हक्क आपण राखायचा आहे. सत्तेवर येणं ही त्या मुलांनी दिलेली देणगी नव्हे. सत्तेवरून शांतपणे उतरता येणं, ही त्यांची मागणी होती.

अबू सईद, तुझ्यासाठी मी स्मारक मागत नाही. ती उभी राहतीलच. मी एवढंच मागतो, की तुझ्या गावातल्या पुढच्या पोराला सरकार आवडलं नाही, तर त्यानं रांगेत उभं राहावं, बोटाला शाई लावून घ्यावी, आणि दुपारी घरी जेवायला जावं. ढाक्यातल्या कुठल्याही चौकाला पुन्हा कुणा मुलाचं नाव द्यायची पाळी येऊ नये.